वर्गणी, पेटी आणि पासवर्ड

महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालयांचा इतिहास बहुधा स्थापनेच्या सनांनी सांगितला जातो. रत्नागिरी १८२८, अहमदनगर १८३८, नाशिक १८४०, पुणे १८४८, कोल्हापूर १८५०, सातारा १८५२, सोलापूर १८५३ ही सनावळी अभिमान वाटावा अशीच आहे, कारण यांतील बहुतेक संस्था आजही चालू आहेत आणि पावणेदोनशे वर्षे टिकलेल्या नागरी संस्था आपल्याकडे फार नाहीत. परंतु याच इतिहासाची दुसरी एक बाजू आहे आणि तिच्याविषयी पुष्कळ कमी लिहिले गेले आहे. पुस्तक कपाटात असताना ते कोणाच्या हाती पडू शकत होते, त्यासाठी वाचकाला काय मोजावे लागत होते आणि वाचकाची ऐपत नसेल तेव्हा तो खर्च कोणी सोसला, हे प्रश्न त्या बाजूचे आहेत. आज शैक्षणिक साहित्य संगणकावर आणि मोबाइलवर ‘सर्वांसाठी मोफत’ उपलब्ध असल्याचे वारंवार सांगितले जाते, तेव्हा या विधानाची पारख करण्यासाठी याच जुन्या प्रश्नांकडे वळावे लागते. कारण गरीब, खेड्यातील, दलित, आदिवासी अथवा दृष्टिहीन तरुणापर्यंत वाचनसाहित्य पोचवण्याची अडचण डिजिटल युगाला वारशाने मिळाली आहे.

एकोणिसाव्या शतकातील या संस्थांना आरंभी ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असे नाव असे. युरोपीय अधिकाऱ्यांची ग्रंथालये वेगळी होती आणि त्यांत एतद्देशीयांना सहसा प्रवेश नव्हता, म्हणून एतद्देशीय सुशिक्षितांसाठी निराळी व्यवस्था करावी, अशी त्यामागची कल्पना होती. जिल्ह्याचा कलेक्टर वा न्यायाधीश पुढाकार घेई, संस्थानिक व सरदार देणग्या देत, आणि कारकून, वकील, शिक्षक, इनामदार अशी मंडळी वर्गणीदार होत. पुण्याच्या लायब्ररीच्या उभारणीत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा वाटा होता. संस्थेचा रोजचा खर्च वर्गणीतून चाले, त्यामुळे वर्गणी हीच प्रवेशाची अट ठरली, आणि ज्याच्या घरी महिनाअखेर चार आणे शिल्लक राहत नाहीत तो आपोआपच बाहेर राहिला. त्याला बाहेर ठेवण्यासाठी वेगळा नियम करण्याची गरजच नव्हती. ज्या १८४८ साली पुण्यात ही लायब्ररी सुरू झाली, त्याच साली त्याच शहरात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. एका शहरातल्या, एकाच वर्षातल्या या दोन घटना शेजारीशेजारी ठेवून वाचल्या, म्हणजे ग्रंथप्रसार आणि ज्ञानप्रसार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात येते. वाचनालय वाचणाऱ्यांची सोय करीत होते, फुले दांपत्य वाचणारे घडवीत होते, आणि या दोन कामांचा सांधा जुळायला पुढे पुष्कळ काळ गेला.

शतकाच्या अखेरीस या चळवळीला भाषेचे भान आले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले. जुन्या लायब्रऱ्यांत इंग्रजी पुस्तकांचे वजन मोठे होते, तर मराठीत छापले गेलेले प्रत्येक पुस्तक जपावे हा या नव्या संस्थांचा ध्यास होता. आज मराठीतील दुर्मिळ ग्रंथांचे जे संगणकीकरण झाले आहे, त्यातील मोठा भाग अशा संस्थांनी वर्गणीदारांच्या बळावर सांभाळलेल्या प्रतींवर उभा आहे, हे ऋण मान्य केले पाहिजे. तथापि, संग्रह जपणे आणि तो सर्वांना खुला करणे यांतील अंतर त्यांनाही ओलांडता आले नाही.

हे अंतर व्यक्तीच्या आयुष्यात कसे दिसे, याचे उदाहरण मुंबईत सापडते. शाळकरी वयातील भीमराव आंबेडकर चर्नी रोडजवळच्या बागेत वाचत बसत असत, कारण परळच्या चाळीतील एका खोलीत वाचनाला जागा नव्हती. त्याच बागेत येणाऱ्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षक-लेखकाची या मुलाकडे नजर गेली आणि त्यांनी त्याला पुस्तके द्यायला सुरुवात केली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा समाजसुधारक सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांचा सत्कार झाला आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे त्यांची शिफारस करण्यातही केळुसकर होते, आणि त्यातून मिळालेल्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शहरात ग्रंथालये असूनही एका असामान्य विद्यार्थ्याला पुस्तक मिळाले ते बागेतल्या बाकावर, एका सहृदय माणसामुळे. असा माणूस भेटणे हा योगायोग असतो, आणि शिक्षणाची सोय योगायोगावर सोडता येत नाही.

ही गोष्ट राज्यकारभाराच्या पातळीवर ज्याने ओळखली तो राज्यकर्ता मराठीभाषकच होता. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी जन्मलेल्या सयाजीराव गायकवाड यांनी बडोदे संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ साली अमरेली भागात प्रयोगादाखल आणि १९०६ पासून संपूर्ण संस्थानात लागू केले. मुले शाळेत येऊ लागली, चार इयत्ता शिकली आणि शेतावर परतली; मग काही वर्षांत अक्षरओळख पुसली जाऊ लागली, कारण घरात वाचायला काहीच नव्हते. शाळेवर केलेला खर्च असा मातीत जाऊ नये, या व्यवहारी विचारातून बडोद्याची ग्रंथालय चळवळ जन्मली. वाचनालय ही शिकलेल्यांची चैन न मानता सक्तीच्या शिक्षणाचा पुढचा टप्पा मानला गेला, आणि या एका भूमिकेमुळे बडोद्याचा नकाशा ब्रिटिश मुलखातील नेटिव्ह लायब्रऱ्यांपेक्षा मुळातच निराळा झाला.

१९१० साली महाराजांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास आणले. पुढच्याच वर्षी ग्रंथपालांना शिकवणारा वर्ग सुरू झाला, जो हिंदुस्थानातील पहिला मानला जातो, आणि १९१२ साली इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघू लागले. महाराजांच्या खासगी संग्रहाचा पाया घालून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि त्यात स्त्रियांसाठी व मुलांसाठी स्वतंत्र सोय झाली. बॉर्डन १९१३ साली परतले, पण काम थांबले नाही. त्यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी माणसाने ते सांभाळले आणि १९१९ साली बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर पुस्तकही लिहिले. त्यांच्यामागून न्यूटन मोहन दत्त यांनी ही धुरा उचलली.

या सर्व व्यवस्थेतील दोन तपशील बारकाईने पाहण्यासारखे आहेत. पहिला म्हणजे ग्रामीण वाचनालयाच्या खर्चाची विभागणी. गावाने काही रक्कम जमवली की तेवढीच रक्कम प्रांतपंचायत, म्हणजे आजच्या जिल्हा परिषदेसारखी स्थानिक संस्था देई आणि तेवढीच दरबार देई. अशा तीन सारख्या हिश्शांतून वाचनालय चाले. गावाचा वाटा होता, त्यामुळे संस्था गावाला आपली वाटे. पण गावाच्या गरिबीची मर्यादा संस्थेवर पडत नसे, कारण दोन तृतीयांश भार बाहेरून येई. दुसरा तपशील फिरत्या पेट्यांचा. जिथे वाचनालय नव्हते तिथे मध्यवर्ती ग्रंथालय मजबूत लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरून पाठवी. गावातील शाळामास्तर किंवा एखादा जबाबदार गृहस्थ ती उतरवून घेई, ठरलेल्या मुदतीत पुस्तके फिरत आणि मग पेटी परत जाऊन दुसरी येई. पुस्तकांचे भाडे नव्हते आणि पेटी नेण्या-आणण्याचा खर्चही संस्थान भरत असे. ग्रंथसेवा मोफत म्हणायची आणि वाहतूक मात्र वाचकाच्या माथी मारायची, ही पळवाट बडोद्याने स्वतःला ठेवली नव्हती. शिवाय ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांच्यासाठी चित्रशिक्षणाची शाखा होती. तिची माणसे मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरील चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर मोठी करून दाखवणारे यंत्र, आणि पुढे चलचित्रांची सामग्री घेऊन गावोगाव जात आणि आरोग्य, शेती, परदेश या विषयांचे खेळ फुकट दाखवीत. नवे तंत्र आले की ते आधी खेड्यात कसे नेता येईल, हा विचार एका ग्रंथालय खात्याने शंभर वर्षांपूर्वी केला होता.

बडोद्याचे गुणगान करताना एक कटू सत्य मात्र झाकता येत नाही. याच शहरात १९१७ साली परदेशातून शिकून परतलेल्या, दरबाराच्या नोकरीत रुजू झालेल्या आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नाही आणि पारशी धर्मशाळेतून त्यांना अपमानित होऊन बाहेर पडावे लागले. दरबार पुस्तकाची पेटी खेड्यापर्यंत पोचवू शकत होता. गावात ती कोणाच्या ओसरीवर उघडेल आणि तिच्याभोवती कोण बसेल, हे मात्र जातिव्यवस्थाच ठरवत राहिली. आंबेडकरांच्या मॅट्रिकनंतरच्या सत्कारसभेचे जे अध्यक्ष होते त्याच बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ सालचा सत्याग्रह याच ठरावाचा आधार घेऊन झाला. वर्गणीवर चालणारी वाचनालये खासगी मंडळांची असल्यामुळे अशा ठरावाच्या कक्षेबाहेरच राहिली. सार्वजनिक पैसा लागला की सार्वजनिक हक्क उत्पन्न होतो, हे तत्त्व पाण्याच्या बाबतीत लढून मिळाले. पुस्तकांच्या बाबतीत ते तितक्या स्पष्टपणे कधी मांडलेच गेले नाही, आणि पुढच्या कायद्यांची जडणघडण पाहता ही उणीव फार महागात पडली असे म्हणावे लागते.

मुंबई प्रांताच्या सरकारने १९३९ साली आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. प्रांताच्या मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातील ग्रंथालयापर्यंत पायरीपायरीने साखळी उभारावी, अशी शिफारस या समितीने केली, आणि १९४७ पासून तिची काही अंशी अंमलबजावणी सुरू झाली. मात्र नवी सरकारी ग्रंथालये सर्वदूर काढण्याइतका पैसा नव्हता, त्यामुळे गावोगावी आधीपासून चालत आलेल्या वर्गणीच्या वाचनालयांनाच जिल्हा वा तालुका ग्रंथालय म्हणून मान्यता देऊन अनुदान द्यावे, असा मार्ग निघाला. तोच मार्ग १९६७ सालच्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने कायम केला. हा कायदा १ मे १९६८ पासून अमलात आला; त्याने राज्य ग्रंथालय परिषद, ग्रंथालय संचालनालय आणि ग्रंथालय निधी निर्माण केला. मद्रासने १९४८ सालच्या कायद्यात घरपट्टीबरोबर वसूल होणारा ग्रंथालय कर ठेवला होता. महाराष्ट्राने असा कर टाळला आणि निधीत सरकार दरसाल किमान २५ लाख रुपये भरील एवढी हमी दिली. १९७१ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती, म्हणजे कायद्याने दिलेली ही हमी माणशी पाच पैशांच्या आसपास भरते. प्रत्यक्ष अनुदान पुढे पुष्कळ वाढले, परंतु वाढ ही सरकारच्या मर्जीची बाब राहिली, वाचकाच्या हक्काची झाली नाही.

या व्यवस्थेचे यश लहान नाही. ‘अ’ ते ‘ड’ अशा वर्गवारीत अनुदान घेणारी बारा हजारांच्या आसपास ग्रंथालये राज्यात उभी राहिली, आणि त्यांतील असंख्य ग्रंथालये अशा गावांत आहेत जिथे त्यांच्याशिवाय छापील कागदाचा दुसरा ठिकाणा नाही. पण रचनेतील मूळ गाठ सुटली नाही. अनुदान सरकारचे, मालकी मंडळाची, आणि पुस्तक घरी नेण्यासाठी अनामत व वर्गणी वाचकाची, असा हा तिहेरी संसार आहे. वृत्तपत्रे वाचण्याचा कक्ष सर्वांना खुला असतो, म्हणून दार उघडे दिसते. घरी पुस्तक नेऊन अभ्यास करणारा तरुण मात्र अनामतीपाशी अडतो. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात ग्रंथपाल अनेकदा अर्धवेळ असतो, त्याचे मानधन शेतमजुरीपेक्षा कमी पडते, आणि संध्याकाळचे दोन-तीन तास दार उघडून वृत्तपत्रे मांडणे एवढेच त्याच्या हाती असते. पुढे डिजिटल साहित्य याच माणसाच्या हातून गावात पोचायचे होते, ही गोष्ट धोरणे आखणाऱ्यांच्या ध्यानात फार उशिरा आली.

याच काळात ज्यांना छापील अक्षर दिसतच नाही अशा वाचकांसाठी मुंबईत एक निराळी वाट तयार होत होती, आणि डिजिटल सुलभतेचा खरा पूर्वेतिहास तिथे आहे असे म्हणता येईल. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ साली मुंबईत स्थापन झाली आणि १९६३ साली तिने बोलकी पुस्तके, म्हणजे ध्वनिफितीवर वाचून ठेवलेले ग्रंथ देणारे ग्रंथालय सुरू केले. ब्रेल पुस्तके जाडजूड व महाग असत आणि ज्याला मोठेपणी अंधत्व आले त्याला ब्रेल शिकणे अवघड जाई. ध्वनिफितीने ही अडचण दूर केली. स्वयंसेवक पाठ्यपुस्तके वाचत, फिती विद्यार्थ्यांपर्यंत टपालाने जात, आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या दृष्टिहीन मुलांची पिढीच्या पिढी या आवाजांवर पदवीधर झाली. ध्वनिफितीत हवे ते पान शोधता येत नाही, ही तिची मोठी उणीव होती. पुढे ‘डेझी’ हे आंतरराष्ट्रीय मानक आले, ज्यात ध्वनी आणि मजकूर यांची प्रकरणनिहाय व पाननिहाय सांगड घातलेली असते, त्यामुळे दृष्टिहीन वाचकालाही डोळस वाचकाप्रमाणे पुस्तक चाळता येऊ लागले.

तंत्र सापडले तरी कायदा आड येत होता. एखाद्या पुस्तकाची ब्रेल वा ध्वनी आवृत्ती काढायची तर दर वेळी स्वामित्वहक्कधारकाची परवानगी लागे, आणि पत्रांना उत्तरे येईपर्यंत परीक्षा होऊन जाई. २०१२ सालच्या दुरुस्तीने भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात अपंग व्यक्तींसाठी सुलभ प्रती तयार करण्याची मोकळीक दिली. त्यानंतर २०१३ साली मोरोक्कोतील माराकेश येथे याच विषयावरचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ साली त्याला अनुमती देणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले, ज्यात देशभरातील संस्थांनी तयार केलेल्या सुलभ प्रती एकत्र मिळतात, म्हणजे एकच पाठ्यपुस्तक चार शहरांत चार वेळा वाचून घेण्याची पाळी येत नाही. या प्रवासात तंत्र, कायदा आणि संस्था या तिन्ही गोष्टी एकामागून एक जुळवल्या गेल्या. वंचित तरुणांच्या इतर गटांच्या वाट्याला इतकी चिकाटीची जुळवाजुळव आली नाही.

मराठी मजकूर संगणकावर येण्याची कहाणी लांबलचक आहे. तिचा इथे लागणारा भाग एवढाच, की बराच काळ मराठी अक्षरे पडद्यावर दिसत होती पण संगणकाला ती कळत नव्हती. पुण्याच्या सीडॅक या संगणक संशोधन संस्थेने आणि काही खासगी कंपन्यांनी केलेले फॉन्ट छपाईसाठी उत्तम होते. मात्र प्रत्येकाची अंतर्गत सांकेतिक पद्धत वेगळी असल्याने एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांचा ढीग होई. युनिकोड, म्हणजे जगातील सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा एकच ठरावीक सांकेतिक क्रमांक देणारी पद्धत, १९९१ पासून देवनागरीसह अस्तित्वात होती, पण ती रोजच्या वापरात रुळायला दीड-दोन दशके गेली. शिवाय जुन्या ग्रंथांचे संगणकीकरण बहुतांशी पानांची छायाचित्रे काढून झाले. छायाचित्रातील मजकुरात शब्द शोधता येत नाही आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रणालीला, ज्याला स्क्रीन रीडर म्हणतात, ते पान कोरे वाटते. त्यामुळे डोळस वाचकासाठी ‘उपलब्ध’ झालेली हजारो मराठी पुस्तके दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी पूर्वीइतकीच बंद राहिली, आणि स्वस्त मोबाइलच्या छोट्या पडद्यावर ती पाने वाचणे डोळस विद्यार्थ्यालाही जिकिरीचे झाले.

खेड्यात संगणक नेण्याचा महाराष्ट्रातील पहिला मोठा प्रयोग १९९८ साली वारणानगर परिसरात झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावे जोडण्याची ‘वायर्ड व्हिलेज’ योजना सहकारी साखर कारखान्याच्या आधारावर उभी राहिली, आणि गावातील केंद्रावर शेती, आरोग्य, शिक्षण यांची माहिती मराठीतून मिळेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात केंद्रांचा वापर मुख्यतः उसाचे वजन, खतांचा परवाना, कारखान्याचा हिशेब यांसाठी झाला; पुढे यातील काही गावांत संगणकाची जागा मोबाइलवरच्या लघुसंदेशांनी घेतली तेव्हा शेतकऱ्यांचे काम अधिक स्वस्तात आणि सोयीने होऊ लागले. या प्रयोगाला फसलेला म्हणणे अन्यायाचे होईल, कारण जे काम लोकांना निकडीचे होते ते त्याने केले. मात्र त्या केंद्रांत ग्रंथपालाची जागा नव्हती आणि विद्यार्थ्याने तिथे येऊन काय वाचावे याचा विचार कोणाच्या कामाचा भाग नव्हता. गावातील वाचनालय एकीकडे, संगणक केंद्र दुसरीकडे, अशी जी फारकत तेव्हा झाली ती आजतागायत पुरती भरून आलेली नाही. २००१ पासून महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या (एमकेसीएल) एमएससीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्यातालुक्यांत संगणक साक्षरता नेली, पण तीही शुल्क भरून आणि वाचनालयाच्या बाहेर.

त्यानंतरच्या वीस वर्षांत साहित्याचा साठा अफाट वाढला. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर खुला झाला, बालभारतीची पाठ्यपुस्तके उतरवून घेता येऊ लागली, साहित्य आणि संस्कृती मंडळाची प्रकाशने मोफत मिळू लागली. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ आणि ‘दीक्षा’ हे उपक्रम २०१७ साली आले, आणि आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली देशाला अर्पण झाले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी ग्रंथ स्वामित्वहक्कातून मुक्त होतात, त्यामुळे साने गुरुजींचे साहित्य २०११ पासून आणि आंबेडकरांचे लेखन २०१७ पासून कोणालाही मोफत देता येते. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले आंबेडकरांचे लेखन व भाषणांचे खंड आज परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरूनही उतरवून घेता येतात. ज्या मुलाला वाचायला बाग शोधावी लागली त्याचे ग्रंथ वाड्यावस्तीवरच्या मुलालाही मोबाइलवर मिळतात, ही या संपूर्ण इतिहासातील निर्भेळ आनंदाची गोष्ट आहे. मात्र जे मोफत आहे ते बरेचसे जुने आहे. वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा, अर्थशास्त्र यांतील चालू ज्ञान वर्गणीच्या पलीकडेच राहिले. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही ६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली आणि सुमारे १३,००० नियतकालिके देशातील सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना उपलब्ध करून दिली. हे पाऊल मोठे आहे. पण सार्वजनिक ग्रंथालये या योजनेत नाहीत, म्हणजे शिक्षण अर्धवट सुटलेला, महाविद्यालयाचा पासवर्ड नसलेला तरुण याही वेळी बाहेरच राहिला.

साठा आणि वाचक यांमधील अंतर किती, हे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीने २०१७-१८ साली दाखवले होते. देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्क्यांकडे संगणक होता आणि १४.९ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय होती. शहरांत हे प्रमाण अनुक्रमे २३.४ आणि ४२ टक्के होते. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे टाळेबंदी आली, शाळा आणि वाचनालये एकाच वेळी बंद झाली, आणि ज्या घरात एकच मोबाइल होता व तो वडिलांबरोबर कामावर जात होता, त्या घरातील मुलांचा अभ्यास थांबला. त्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेल्या ‘टिलीमिली’ मालिकेने पहिली ते आठवीचे पाठ दूरचित्रवाणीवरून दिले. डेटा पॅक लागत नाही, पासवर्ड लागत नाही, शेजारच्या घरातही बघता येते, असे हे जुनेच माध्यम त्या संकटात अनेक नव्या ॲपपेक्षा अधिक मुलांच्या उपयोगी पडले असावे. बडोद्याच्या मॅजिक लँटर्नचे नाते या उपक्रमाशी जुळते.

टाळेबंदीच्या बऱ्याच आधीपासून महाराष्ट्रातील वाचनालयांत एक बदल कोणत्याही धोरणाशिवाय घडून आला होता, तो म्हणजे अभ्यासिका. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ग्रंथालयांत दिवसभर बसतात. पुस्तके बहुधा त्यांची स्वतःची असतात आणि ग्रंथालयाकडून त्यांना हवे असते टेबल, उजेड, पंखा, शांतता, चार्जिंगचा बोर्ड आणि वायफाय. एका खोलीच्या घरातून आलेल्या, शेतमजुराच्या किंवा रिक्षाचालकाच्या मुलाला यांतील एकही गोष्ट घरी सहसा मिळत नाही. मुलींच्या बाबतीत तर संध्याकाळी अभ्यासाला बाहेर जाण्याची घरून परवानगी मिळते ती ग्रंथालय या नावामुळे. ग्रंथसंख्या, वृत्तपत्रे आणि वर्गणीदार यांवर ग्रंथालयाचा दर्जा ठरवणाऱ्या १९७० च्या अनुदान नियमांत या वाचकाची कल्पना नव्हती, तरीही आज राज्यातील अनेक ग्रंथालये जिवंत आहेत ती याच वाचकामुळे. त्याला राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात खाते कसे उघडावे, विश्वकोशातील नोंद कशी शोधावी, कोणत्या संकेतस्थळावर विश्वास ठेवावा हे शेजारी उभे राहून सांगणारा माणूस मात्र क्वचित असतो, आणि तो माणूस घडवण्यासाठी बडोद्याने १९११ साली जो वर्ग काढला तसा गावपातळीवरील ग्रंथपालांसाठी डिजिटल साहित्याचा नियमित वर्ग आजही मागावाच लागतो.

२०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुलांसाठी व किशोरवयीनांसाठी राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाची घोषणा झाली, तेव्हा तिच्या जोडीला आणखी एक वाक्य होते: पंचायत आणि प्रभाग पातळीवर प्रत्यक्ष ग्रंथालये काढण्यासाठी व तिथे डिजिटल साहित्य वाचण्याची साधने पुरवण्यासाठी राज्यांना प्रोत्साहन दिले जाईल. घोषणेचा पहिला भाग नॅशनल बुक ट्रस्टच्या ‘राष्ट्रीय ई-पुस्तकालय’ या मोफत ॲपच्या रूपाने आला असून त्यात मराठी पुस्तकेही आहेत. दुसरा भाग राज्यांकडे आहे, आणि महाराष्ट्रात तो पार पाडायचा तर नव्या इमारतींची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण ‘क’ आणि ‘ड’ वर्गाची हजारो ग्रंथालये गावागावांत आधीच उभी आहेत. संगणकाचे, विजेचे आणि इंटरनेटचे बिल कोण भरणार, ग्रंथपालाला पूर्ण वेळेचा पगार कोण देणार आणि अनामत माफ केल्याची भरपाई कोणत्या शीर्षाखाली होणार, एवढेच ठरायचे आहे. गाव, जिल्हा परिषद आणि राज्य यांनी हा भार तीन हिश्शांत वाटून घ्यावा असे ठरले, तर त्यासाठी बडोदे संस्थानाच्या दप्तरातील तक्ता जवळजवळ जशाचा तसा वापरता येईल.